वाघ नसलेल्या उद्यानाची दोन दिवसांची सहल

मी बडोद्याहून बोलतेय. तुमच्यातलं कुणी इंदूरला आहे, कुणी हैदराबादला, कुणी बेळगावात, पण बहुतेकांच्या हाताशी भांडवल सारखंच असतं: शनिवार, रविवार आणि घरची गाडी. एवढ्यात राष्ट्रीय उद्यान बघून होतं का, असं मला नेहमी विचारतात. होतं. फक्त कुठलं उद्यान, हे नकाशावर अंतर मोजून ठरवायचं, फोटो बघून नाही.

माझा हिशेब साधा आहे. उद्यानात फेरी होते सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या उन्हाच्या वेळात जनावरं सावलीला आणि माणसं जेवायला. म्हणजे दोन दिवसांच्या सहलीत तुमच्या वाट्याला शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ येते, बास. शनिवारी दुपारी एक-दीडपर्यंत पोहोचायचं असेल, तर घरापासून पाच तासांपलीकडचं उद्यान बाद. आठ तास गाडी हाकून, पेंगुळलेल्या डोळ्यांनी जिप्सीत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना वाघ दिसला तरी उपयोग नसतो.

आणि वाघाचंही जरा बोलू. वाघ बघायला गेलेल्या माणसाची सहल दोनच प्रकारची असते, वाघ दिसला आणि वाघ नाही दिसला. त्या दोन दिवसांत बाकी काय काय समोर आलं, ते हिशेबातच येत नाही. म्हणून मी आज वाघ नसलेल्या उद्यानाबद्दल सांगणार आहे: वेळावदर.

भावनगर जिल्ह्यात, खंभातच्या आखाताच्या अंगाला भाल नावाचा प्रदेश आहे. कपाळासारखा सपाट म्हणून भाल, असं तिथले लोक सांगतात. त्या सपाटीवर अवघ्या ३४ चौरस किलोमीटरचं हे काळविटांचं उद्यान आहे, १९७६ सालचं. ३४ चौरस किलोमीटर म्हणजे किती लहान? एका बाजूनं आत शिरलात की अर्ध्या दिवसात सगळं फिरून होतं. दोन दिवसांच्या सहलीला हेच तर हवं असतं.

बडोद्याहून वासद, तारापूर, वटामण, मग डावीकडे पिपळी, धोलेरा, अधेलाई. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, चार तास धरा. टाकी वटामणच्या अलीकडेच भरा. पुढे खाण्यापिण्याची सोय तुरळक, म्हणून आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असतेच. अहमदाबादहून येणाऱ्यांना अंतर आणखी कमी पडतं आणि वाट थोडी वाकडी केली तर लोथलही होतं. पण दोन्ही एका शनिवारी कोंबू नका. लोथल परतीच्या वाटेवर ठेवा.

पावसाळ्यात, म्हणजे १६ जून ते १५ ऑक्टोबर, उद्यान बंद असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वनखात्याचं राहण्याचं ठिकाण आहे, त्याचं नाव काळियार भवन. काळियार म्हणजे गुजरातीत काळवीट. खोल्या मोजक्याच, तेव्हा आधी खोली मिळवायची आणि मग रजा टाकायची, उलट नाही. आपली गाडी आत नेता येते की तिथलीच घ्यावी लागते, हे निघायच्या आठवड्यात फोन करून विचारा. असे नियम बदलत असतात. वाटाड्या मात्र बरोबर घ्याच.

आमच्या घरी हा बेत ठरला तो बाबांमुळे. बाबा शहात्तर वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हाती काठी. डोंगराळ जंगलातले जिप्सीचे हिसके त्यांना सोसणारे नव्हते. वेळावदरची जमीन सपाट, त्यामुळे बसल्या जागी सगळं दिसतं. घरात वयस्कर माणूस असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या वर धरा. शिवाय रात्री काही झालंच, तर भावनगर शहर जवळ आहे.

बाबा मूळचे करमाळ्याचे. गाडी आत शिरली, दोन्ही बाजूंना कमरेएवढं पिवळं गवत, आणि ते एकदम ताठ बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडचा माळ असाच होता गं." पुढे बसलेल्या वाटाड्याला त्यांनी गुजरातीत विचारलं, "वरू हजी छे?" लांडगा अजून आहे का? तो हसून म्हणाला, "छे ने, दादा." लहानपणी रात्री वाघरात मेंढरं कोंडून लांडग्याची राखण करणारी माणसं बाबांनी पाहिलेली. लांडगा शिल्लक आहे याचा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

लांडगा काही आम्हाला दिसला नाही. काळविटं मात्र शेकड्यांनी दिसली. नर काळा-पांढरा, पिळाची शिंगं, मादी भुऱ्या रंगाची. विणीच्या काळात नर छोट्या छोट्या जागा अडवून जवळजवळ उभे राहतात, आपल्या जागेत दुसऱ्याला येऊ देत नाहीत, आणि माद्या त्यांच्यामधून फिरून निवड करतात. माझ्या नवऱ्याला हे वधूवर मेळाव्यासारखं वाटलं, फक्त इथे निवड करणारी बाजू एकच.

संध्याकाळची फेरी मात्र पक्ष्यांसाठी राखून ठेवा. मध्य आशियाकडून हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी इथे येतात. दिवसभर आसपासच्या शेतांवर टोळ, नाकतोडे टिपतात आणि सूर्य बुडताना गवतात, थेट जमिनीवर रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. त्यांचा हा थारा जगातल्या मोठ्या थाऱ्यांपैकी एक गणला जातो. पाच, मग पन्नास, मग मोजणं सोडून द्यावं लागतं. दुर्बीण नसली तर कुणाची तरी मागून आणा. इथे मोबाइलचा कॅमेरा कामाचा नाही.

हे गवत वाचलं कसं, त्याची गोष्ट गमतीची आहे. ही भावनगरच्या महाराजांची शिकारीची राखीव जागा होती. भावनगर आणि आपलं कोल्हापूर, या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार चालू ठेवली होती. डोळे झाकलेला चित्ता गाडीतून न्यायचा, कळप दिसला की डोळे उघडायचे. शिकारीसाठी राखलं म्हणून गवत राहिलं. बाकीचा माळ सरकारी कागदावर 'पडीक' ठरला, आणि पडीक जमिनीवर झाडं लावली तरी लोक टाळ्या वाजवतात. खारेपणा आवरायला लावलेली वेडी बाभूळ इथे गवतात घुसली. गुजरातीतही तिला गांडो बावळच म्हणतात, वेडीच! नीलगायी आणि काळविटं तिच्या शेंगा खातात आणि बिया पसरवतात, त्यामुळे ती उपटत राहावी लागते. आपल्याकडे कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य तर सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही.

आणि इथे शेजारी धोलेऱ्याचं नवं औद्योगिक शहर उभं राहतंय, सुमारे ९२० चौरस किलोमीटर. उद्योग यावेत, आमच्याही घरची मुलं तिथे नोकरीला जातील. पण काळवीट ३४ चौरस किलोमीटरच्या आत थांबत नाही. तो शेतात चरतो, रस्ता ओलांडतो.

म्हणून गाडी चालवणाऱ्यांना एक सांगणं. पिपळीच्या पुढे रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे, पाय आपोआप दाबला जातो. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा आणि परत निघताना चांगलं उजाडू द्या. एक काळवीट रस्ता ओलांडून गेलं की आणखी दहा मागे आहेत असं धरूनच गाडी हळू करा. हॉर्न वाजवू नका, बिथरलेलं जनावर कुठेही उडी घेतं. आणि उरलेल्या दशम्या गाडीबाहेर फेकू नका. त्यावर गावातली कुत्री जमतात, आणि काळविटांची पाडसं कुत्री मारतात.

रविवारची सकाळची फेरी संपली की दहाच्या सुमाराला निघा. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर वाटेत भालिया गहू मिळाला तर घ्या. पाणी न देता, जमिनीतल्या ओलीवर पिकतो, २०११ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. लापशीला फार छान. आम्ही वीस किलो आणला, अर्धा शेजाऱ्यांनी नेला. लोथलला थांबणार असाल तर तिथलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, रविवारी चालू. तासाभरात बघून होतं, आणि संध्याकाळच्या चहाला तुम्ही घरी.