रत्नागिरीचे दोन स्थानबद्ध
(मारुंजी येथील व्याख्यानाचा संक्षेप)



मारुंजीहून समुद्र दिसत नाही. तरीही येथील आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील अनेक कुटुंबांचे मूळ घर कोकणात आहे. गणपतीला ही मंडळी ताम्हिणी घाट उतरून त्याच दिवशी रत्नागिरी गाठतात. एके काळी मात्र हेच नगर फार दूर होते. रेल्वे नव्हती, सह्याद्री आडवा होता आणि पावसाळ्यात आगबोटी बंद पडत. कोकणवासीयांची ही अडचण परकीय राज्यकर्त्यांच्या पथ्यावर पडली. ज्यांचा जगाला विसर पडावा असे त्यांना वाटे, त्यांच्यासाठी त्यांनी हे बंदर निवडले.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकून ब्रह्मदेशाचा राजा थिबा यास पदच्युत केले. मद्रासमार्गे १८८६ च्या एप्रिलमध्ये राजा, राणी सुपायलात व मुली रत्नागिरीस आल्या. दिल्लीच्या अखेरच्या बादशहास इंग्रजांनी रंगूनला धाडले होते. आता ब्रह्मदेशाच्या अखेरच्या राजास कोकणात आणले. इतिहासाची ही अदलाबदल क्रूर म्हणावी लागेल. राजाला निवृत्तिवेतन होते, परंतु ते पुरत नसे; बरोबर आणलेली रत्ने विकण्याची पाळी त्याच्यावर आली. भाट्ये खाडीकडे पाहणारा राजवाडा १९१० साली बांधून झाला, तेव्हा हद्दपारीची चोवीस वर्षे उलटून गेली होती. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा तेथेच निवर्तला. राणीला स्वदेशी परतण्याची परवानगी मिळाली ती १९१९ साली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली व १९४७ साली येथेच वारली. तिची मुलगी, म्हणजे राजाची नात, रत्नागिरीकरांत मराठी बोलत आयुष्यभर राहिली.

दुसरा स्थानबद्ध तर आपल्या पुण्याजवळून गेला. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून स्वातंत्र्यवीर सावरकरांची सुटका झाली, ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही व राजकारणात भाग घ्यायचा नाही, या अटींवर. मुदत पाच वर्षांची होती. ती वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. राजकारणाचे दार बंद झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे कार्य हाती घेतले. शाळांत सर्व जातींची मुले एकत्र बसावीत, सहभोजने व्हावीत, यासाठी गावातील कर्मठांचा रोष पत्करून ते घरोघर फिरले. १९३१ च्या फेब्रुवारीत भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने पतितपावन मंदिर उभे राहिले व सर्व हिंदूंना खुले झाले. भागोजीशेठ स्वतः भंडारी समाजातील, गरिबीतून वर आलेले. त्यांच्यासारखा स्थानिक माणूस पाठीशी नसता तर हे कार्य इतके पुढे गेले असते काय, याचा विचार व्हावयास हवा. स्थानबद्धांची नावे सर्वांस ठाऊक असतात. त्यांना सांभाळून घेणाऱ्या नगराचा उल्लेख क्वचितच होतो.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. रत्नागिरी आता आडवळणाला राहिलेली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले आणि परक्या भूमीत विसावलेल्या आपल्या राजाच्या समाधीपुढे उभे राहिले. राजाच्या मृत्यूला तेव्हा शहाण्णव वर्षे झाली होती.