सांगितलं म्हणून शाळा सुटू नये

मैत्रिणींनो, कुणी चुलीपुढे असाल, कुणी नुकत्याच शेतातून आला असाल. रेडिओचा आवाज जरा मोठा करा. घरात बारा-चौदा वर्षांचं लेकरू असेल तर त्यालाही जवळ बसवा. आजचं बोलणं निम्मं तुमच्यासाठी आहे आणि निम्मं त्याच्यासाठी.

मी आशाताईंची गटप्रवर्तक आहे. आमच्या भागातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. नाव, गाव सांगणार नाही. सातवीपर्यंत गावातच शिकली, आठवीला एसटीनं तालुक्याच्या शाळेत जायला लागली. दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. रविवारी बरी असायची, सोमवारी सकाळी पोट धरून बसायची. आईनं डॉक्टर केले, सोनोग्राफी केली. त्यात काही निघालं नाही. मग दृष्ट काढली, अंगारा लावला. मी स्वतः काय केलं? तिचा चेहरा पांढरा दिसला म्हणून लोहाच्या निळ्या गोळ्या वेळेवर घे म्हणाले आणि पुढं गेले. म्हणजे मीही चुकलेच.

पुढं एकदा अंगणवाडीत तिची गाठ पडली. मी शेंगा फोडत बसले होते, तीही बसली. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. मी विचारलं, "रात्री झोप लागते का गं?" ती म्हणाली, "नाही. वाटतं सकाळ होऊच नये." स्टँडवर काही पोरं तिच्या मागं लागत होती. "आईला का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "सांगितलं की शाळा बंद. मग लगीन."

बायांनो, हे ऐकून मी गप्प झाले. कारण तिचं खोटं नव्हतं. आपल्याकडं असंच होतं. त्रास देणारा मोकळा फिरतो आणि सांगणारी घरात बसते. मुलांचंही तेच. मुलगा रडला की "बाईसारखा काय रडतोस" म्हणतो आणि त्याचं तोंड बंद होतं. मग न सांगितलेलं दुखणं पोटात, डोक्यात, नाही तर रागात निघतं.

आता लेकरांनो, तुमच्याशी बोलते. मन दुखणं म्हणजे वेड लागणं नाही. दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आवडीच्या खेळातही मन रमत नसेल, सारखी भीती वाटत असेल, तर एका मोठ्या माणसाला सांगा. आईलाच सांगितलं पाहिजे असं नाही. आत्या, मावशी, आजी, शाळेतल्या बाई, आशाताई, जिचा विश्वास वाटेल तिला सांगा. सगळं नीट सांगता येत नसेल तर एवढंच म्हणा, "मला बरं वाटत नाहीये, पण ते अंगाचं दुखणं नाही. माझं ऐकून घेशील का?" बोलवत नसेल तर वहीच्या पानावर लिहून हातात द्या. पहिल्या माणसानं हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याकडं जा. चूक तुमची नसते.

घरात कुणाशीच बोलता येत नसेल तर १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. रात्री-अपरात्री कधीही लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दुसरा नंबर १०९८, मुलांसाठीचा. कुणी मारतं, छळतं, अंगाला हात लावतं, लग्नाची घाई करतं, तर तिथं सांगा. हेही चोवीस तास आणि फुकट. फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि आयांनो, तुमच्यासाठी. लेकरू बोलायला लागलं की आधी हातातलं काम बाजूला ठेवा. "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस" म्हणू नका. "कुणालाच सांगणार नाही" असंही वचन देऊ नका, कारण कधी कधी सांगावं लागतं. त्यापेक्षा म्हणा, "गावभर करणार नाही. ज्याची मदत लागेल त्यालाच सांगू, आणि तुला विचारून सांगू."

लेकरू म्हणालं, "मी नसते तर बरं झालं असतं," तर घाबरू नका, पण टाळूही नका. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट लेकराला मोकळं होता येतं. "हो" म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध, उंदराचं औषध कुलपात ठेवा, किल्ली कमरेला लावा. त्याच दिवशी १४४१६ ला फोन लावा आणि दवाखाना गाठा. काही घेतलंच असेल तर लगेच १०८ ची गाडी बोलवा.

दवाखाना कुठला? आधी आशाताईला विचारा. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' नावाची क्लिनिक आहेत, तिथं समुपदेशक बोलतात. त्यापुढं जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात. औषध लागलं तर ते आईवडिलांना विचारूनच सुरू करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सरकारी उपचार हा आपला हक्क आहे, आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. देवाला नमस्कार जरूर करा, पण त्यासाठी दवाखाना थांबवू नका.

त्या मुलीचं पुढं काय झालं? तिला विचारून आम्ही आईला सांगितलं. आई आधी म्हणालीच, "उद्यापासून शाळा बंद." मग तिच्या बचत गटातल्या बायाच पुढं आल्या. दोघी दोघी जणी पाळीनं स्टँडवर उभ्या राहायला लागल्या. मुख्याध्यापकांना सांगितलं, पोलिसांत तक्रार दिली. मुलगी महिन्यातून दोनदा समुपदेशक ताईंकडं जायला लागली. आज ती नववीत आहे. अजूनही एखाद्या सोमवारी पोट दुखतं. पण आता ती आईला म्हणते, "आज भीती वाटतेय," आणि आई तिला एसटीपर्यंत सोडायला जाते.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. वहीच्या पहिल्या पानावर १४४१६ आणि १०९८ लिहा. आणि सगळ्याजणी मिळून ठरवा, आपल्या गावात कुठल्याही मुलीनं काही सांगितलं म्हणून तिची शाळा सुटणार नाही. घरी जाऊन हे लेकराच्या कानावर घाला. त्याला हे आधी ठाऊक असलं, तरच ते तोंड उघडेल.