जनीची वाकळ आणि नातवंडाचं दुपटं



मायबाप हो, चिंतनाला घेतलेला अभंग नामदेवरायांचा. टाळकरी मंडळींनी तो गोड म्हटला, शब्दार्थही सांगून झाला. आता त्याच नामदेवरायांच्या व्यवसायाकडं थोडं बघू. नामदेवराय कोण? शिंप्याचे. गोरोबाकाका कुंभार, सावतोबा माळी, सेना महाराज न्हावी, आणि नामदेवराय शिंपी. कुणाला चाकावर देव भेटला, कुणाला मळ्यात भेटला. मग सुई-दोऱ्यात का नाही भेटणार? म्हणून आजचं निरूपण सुई-दोऱ्याचं आहे. मांडवात ऐकणाऱ्या आणि पुढं हे पुस्तकात वाचणाऱ्या ज्या आज्या पहिल्या नातवंडाची वाट बघताहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम आहे. आजोबांनी उठून जाऊ नये, त्यांचंही काम पुढं येणार आहे.

नामदेवरायांचा जन्म 1270 चा, समाधी 1350 ची. ऐंशी वर्षांचं आयुष्य. महाराष्ट्रातून पार पंजाबात गेले, घुमानला राहिले. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची 61 पदं आहेत. त्यातल्या एका पदात त्यांनी आपला सगळा धंदा देवाला लावून टाकलाय. मनाचा गज केला, जिभेची कात्री केली. माप घ्यायचं मनानं, कापायचं नामानं. बघा माउली, त्यांनी धंदा सोडला नाही, धंद्याला देव जोडला. संसार आणि परमार्थ ही दोन वेगळी कापडं नाहीत. मधून दोरा घातला की एकच गोधडी होते.

आता आपल्या घरात या. पाथर्डी तालुक्यात कुठंही जा. इकडं मढीला कानिफनाथ, तिकडं मोहट्याला आई जगदंबा, पलीकडं भगवानगड. वाटेवरच्या कुठल्याही घरात सून किंवा लेक गरोदर असली की सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते. पहिलं बाळंतपण माहेरी. आणि कुठंतरी ओसरीत एक म्हातारी पाय लांब करून बसलेली असते. पुढ्यात जुनं लुगडं, चष्मा नाकावर, हातात सुई. काय चाललंय आजी? तर म्हणते, "काही नाही महाराज, दुपटं शिवतेय." तिच्यासाठी काही नाही! अहो, त्या 'काही नाही'त केवढं काय आहे ते ऐका.

नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार कापड. दुपटं धरा वारभर लांब, वारभर रुंद, चार पदरी. एकाला चार वार लागलं, दोनाला आठ. उरलेल्या एका वारात कडेचा गोट आणि एखादं टोपडं. म्हणजे एका लुगड्यात एका जिवाची सगळी थंडी झाकली. बाजारात नवं मिळत नाही का? मिळतं की, हव्या त्या रंगाचं मिळतं. पण नवं कापड खरखरीत, त्याला खळ असते. लेकराची कातडी जाईच्या पाकळीसारखी. म्हणून जुनं घ्यायचं. जे लुगडं पाचशे वेळा धुतलं, दगडावर आपटलं, उन्हात वाळवलं, ते मऊ झालं. माणसाचंही असंच आहे बरं का! नवा माणूस ताठ असतो, त्याला खळ असते. प्रपंचाच्या दगडावर आपटून आपटून, आयुष्यभर धुऊन धुऊन जो मऊ झाला, तोच दुसऱ्याच्या अंगाला लागण्याजोगा झाला. साठी उलटलेल्या मायबापांनो, हाडं दुखतात म्हणून रडू नका. तुम्ही आता मऊ झालात. देवानं तुम्हाला दुपट्यासाठी बाजूला काढलंय.

आता कुणी म्हणेल, महाराज, हे बायकांचं काम, याचा परमार्थाशी काय संबंध? तर जनाबाईंकडं चला. गंगाखेडची जनी, नामदेवरायांच्या घरची दासी. तिच्या झोपडीत देव यायचे, दळू लागायचे. एकदा पहाट झाली, काकड्याची वेळ आली, आणि देवाची धांदल उडाली. घाईत स्वतःचा शेला आणि गळ्यातलं पदक जनीकडं विसरले, आणि जनीची वाकळ पांघरून राउळात जाऊन उभे राहिले! पुजारी बघतात तर देवाच्या अंगावर भरजरी काही नाही, ठिगळांची वाकळ. पदक सापडलं जनीकडं. तिला चोर ठरवलं, सुळावर द्यायला नेलं, तर सुळाचं पाणी झालं. ही कथा सांगणारे महिपतीबुवा आपल्याच जिल्ह्यातले, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. 1762 साली त्यांनी भक्तविजय पूर्ण केला.

या कथेत लोक सुळाचं पाणी झालं तिथं टाळ्या वाजवतात. मी वाकळीपाशी थांबतो. देवाला पीतांबराची काय कमी? पण वाकळीत जनीच्या हाताची ऊब होती. ती ऊब जरीत नसते, हाताच्या टाक्यात असते. दुपटं शिवताना आजी टाका घालते आणि तोंडानं विठ्ठल म्हणते. एक टाका, एक नाम. वारभर दुपट्यात किती टाके पडतात ते कधी मोजा. माळेचे मणी 108, दुपट्याचे टाके त्याच्या कितीतरी पट. मग ही उपासना नाही तर काय? शिवणं या शब्दातच शिव बसलाय!

आता वाट बघण्याचं बोलू. वाट बघणं सोपं नाही. आमच्या देवाला विचारा. पुंडलिकानं वीट फेकली आणि सांगितलं, थांब, आई-बापाची सेवा चाललीय. अठ्ठावीस युगं झाली, देव थांबलाय. कमरेवर हात आहेत, पण कुरकुर नाही. आणि आपण? नऊ महिने थांबायचं तर रोज फोन, "काय झालं? डॉक्टर काय म्हणाले?" त्या पोरीचा जीव मेटाकुटीला येतो. आज्यांनो, फोन कमी करा आणि टाके जास्त घाला. हाताला काम असलं की काळजीला बसायला जागा मिळत नाही.

इथं एक प्रश्न दरवेळी येतो. "महाराज, बाळ यायच्या आधी शिवू नये म्हणतात. दृष्ट लागते." ही समजूत कुठून आली ते समजून घ्या. पूर्वी दर घरात एखादं तरी लेकरू जायचं. दवाखाना नाही, लस नाही. केलेली तयारी डोळ्यांपुढं नको व्हायची. त्या जखमेतून ही रीत आली. तिला हसू नका, तिच्यामागं कुणाचं तरी रडणं आहे. पण दृष्ट सुईला लागत नाही हो. दुर्लक्षाला लागते. वेळेवर तपासणी नाही, पोरीच्या अंगात रक्त नाही, गोळ्या कोनाड्यात पडून, ही खरी दृष्ट. ती आधी उतरवा आणि खुशाल शिवा.

पण मायबाप, याच्या पलीकडचा प्रश्न अवघड आहे. समजा शिवलं, आणि लेकरू आलंच नाही, तर?

आपल्याच तालुक्यातली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, बाईचंही नाही. पहिलं नातवंड येणार म्हणून तिनं आपल्या सासूचं लुगडं फाडून दुपटं शिवलं. लाल गोट, कोपऱ्यावर चार चिमण्या. आणि सातव्या महिन्यात लेकीचं पोट रिकामं झालं. लेक गप्प झाली. आईनं दुपटं पत्र्याच्या पेटीत तळाशी घातलं आणि सुई-दोऱ्याचा डबा माळ्यावर टाकला. मला म्हणाली, "महाराज, देवानं टाके मोजले नाहीत." मी काय उत्तर देणार? अशा वेळी शास्त्र सांगू नये, नुसतं शेजारी बसावं. मी बसलो.

वर्ष गेलं. दसरा झाला. आपल्याकडं दसरा-दिवाळीला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, संसार ट्रॅक्टरवर चढलेला. तिच्या आळीतली एक पोरगी निघाली, कडेवर महिन्याचं लेकरू. आता कोपीत राहायचं, पाचटाचं छप्पर, पौषाची थंडी, पहाटे फडात जायचं. लेकराला गुंडाळलं होतं एका विरलेल्या टॉवेलात. ही बाई दारातून बघत होती. आत गेली, पेटी उघडली. आणि तिची ती गप्प झालेली लेक मागं येऊन उभी राहिली. दुपटं लेकीनं हातात घेतलं, चिमण्यांवरून बोट फिरवलं, आणि स्वतः जाऊन त्या लेकराला गुंडाळलं. आल्यावर आईच्या गळ्यात पडून रडली. वर्षानं पहिल्यांदा रडली.

पुढं काय झालं विचाराल, तर मी चमत्कार सांगणार नाही. मी सांगतो ते एवढंच, की त्या थंडीत एक लेकरू उबेला निजलं. गीतेचा दुसरा अध्याय सांगतो, कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही. ज्ञानोबारायांनी 1290 साली आपल्या नेवाशात बसून हेच मराठीत उलगडून सांगितलं. आपण ऐकतो आणि मान डोलवतो. त्या बाईला ते कळलं पेटीपाशी. टाके देवानं मोजले होते. फक्त पत्ता देवानं लिहायचा होता, तिनं नव्हे. दुपटं शिवताना ज्या आजीच्या मनात असतं 'हे माझ्या नातवंडाचं', ती चांगली आजी. ज्या आजीच्या मनात असतं 'हे लेकराचं', ती संत आजी.

आणि 'नातवंड' म्हटलं, म्हणून एक कडू घोट देतो. आपल्या मराठीनं शहाणपण आधीच करून ठेवलंय. ते बाळ, ते लेकरू, ते नातवंड. 'तो'ही नाही आणि 'ती'ही नाही. पण आपण डोहाळजेवणात बर्फी की पेढा खेळतो आणि पेढा निघाला की चेहरे उजळतात. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागं मुली किती होत्या? आपल्या नगर जिल्ह्यात 852. शेजारच्या बीडमध्ये 807. 1994 चा कायदा आहे, गर्भाचं लिंग तपासायला बंदी आहे, आणि तरी ही उणीव! हजारात कितीतरी दुपटी कुणी पांघरलीच नाहीत. त्या उणिवेत आजीचाही वाटा असतो, आई जगदंबेसमोर नाही म्हणू नका. मोहट्याला नवरात्रात अनवाणी चालत जायचं आणि घरात आलेल्या जगदंबेला परत पाठवायचं, ही कुठली भक्ती? आजी, दुपटं शिवताना तू गोट लाल घेतलास की निळा, दुपट्याला काही फरक पडतो का? मग तुला का पडावा?

रामनवमीला आपण काय करतो आठवा. दुपारी बारा वाजता पाळणा बांधतो, रामरायाला कुंची घालतो, पाळणा म्हणतो आणि सुंठवडा वाटतो. सुंठ बाळंतिणीचं खाणं. म्हणजे त्या दिवशी सगळं गाव कौसल्येच्या माहेरचं होतं. जी कुंची दरवर्षी देवाला, तीच आपल्या लेकराला. मुलगा असो, मुलगी असो, पाळण्यात देव आहे असं समजून शिवा.

आता थोडं व्यवहाराचं. परमार्थात आंधळेपणा चालत नाही, तसा शिवणातही चालत नाही. शिवायला बसताना सुया मोजा, उठताना पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली तरी दुपटं पुढं जाऊ द्यायचं नाही. टोपड्याला मणी, टिकल्या, घुंगरू लावू नका. लेकरू तोंडात घालतं. बंद लांब ठेवू नका, गळ्याभोवती फास बसतो. लोकर बोचते, तिच्या आत जुन्या धोतराचं मऊ अस्तर द्या. शिवून झालं की गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. आणि लेकरू निजलं की दुपट्यानं तोंड झाकू नका, श्वासाला वाट मोकळी हवी.

अजून एक. लेकरू जन्मलं की लगेच न्हाऊ घालायची घाई नको. ते कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीशी द्यायचं, वरून दुपटं. पहिली ऊब आईच्या कातडीची. पहिला घास आईचा चीक, मध-साखरेचं बोट नको. आपलं दुपटं वरचं आवरण, आतली ऊब आईची. आजीनंही एवढंच राहावं. झाकावं, पण मधे येऊ नये.

आणि आजोबांचं काम? सुईत दोरा ओवून द्यायचा. आमच्या घरी यंदा हेच काम माझ्याकडं आहे. सून दिवसात आहे, मंडळी ओसरीत दुपटं शिवतात, दोघांनाही जवळचं दिसत नाही. मी दोरा ओला करतो, सुई उजेडाकडं धरतो, चार वेळा चुकतो, पाचव्यांदा जातो. बायको म्हणते, "कीर्तनात तर म्हणता मन एकाग्र करा." आता काय बोलणार! पण दोरा ओवताना श्वास रोखून जी नजर त्या भोकावर लागते ना, तेवढी पांडुरंगाच्या मुखावर लागली तर बेडा पार आहे.

म्हणून मायबाप हो, घरी जाल तेव्हा पेटी उघडा. आईचं, सासूचं लुगडं असेल, वडलांचं धोतर असेल, ते नुसतं घडी घालून पुजू नका. जे गेले त्यांचं कापड, जे येणार त्यांच्या अंगावर घाला. चार पिढ्या एका दोऱ्यात येतात. घरात कुणी येणार नसेल, तर आळीत येणार असेल. आळीत नसेल, तर टोळीच्या गाडीवर नक्की असेल. दोन दुपटी शिवा: एक आपल्या नातवंडाला, दुसरं ज्याचा पत्ता देव लिहील त्याला. पहिल्या टाक्याला विठ्ठल म्हणा, शेवटच्या गाठीलाही विठ्ठल म्हणा, म्हणजे मधले टाके त्याच्या हिशेबात जातील.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!