सर्दी नव्हे, बुरशी असली तर?
(पनवेल येथे गटांच्या मासिक बैठकीत आरोग्य या विषयावर झालेले भाषण)



नाक चोंदलं की आपण वाफ घेतो, काढा पितो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण २०२१ चा मे महिना आठवा. कोरोनातून उठलेल्या, साखर वाढलेल्या माणसांच्या सायनसमध्ये, म्हणजे नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्यांत, म्युकर बुरशी वाढली. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा जबडा. कितीतरी जण गेले.

कोरोना ओसरला, बुरशी कुठे गेली? ती मातीत, खतात, भिजलेल्या पेंढ्यात असतेच. धडधाकट अंग तिला परतवून लावतं. साखर ताब्यात नसली की तिला वाट मिळते.

सायनसमध्ये जास्त करून ॲस्परजिलस ही बुरशी सापडते. पण क्वचित सापडणाऱ्याही आहेत. कोनिडिओबोलस कुजक्या पाल्यात राहते. तिने नाक-गाल महिनोन्‌महिने सुजत जातात, दुखत मात्र फारसे नाहीत. ही तर धडधाकट शेतकऱ्यालाही होते.

आता म्हणाल, नाव कळून काय करायचं? अहो, औषधच नावावर ठरतं! ॲस्परजिलसचं व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं, बहुधा ऑपरेशनही.

म्हणून डॉक्टर नाकात दुर्बीण घालून तुकडा घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी लवकर दिसते. तिची नेमकी जात कळायला ती प्रयोगशाळेत वाढवावी लागते. त्याला कल्चर म्हणतात. फॉर्मलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यातून काहीच वाढत नाही. तेव्हा नम्रपणे विचारा, "डॉक्टर, एक तुकडा बुरशीच्या कल्चरला वेगळा पाठवला ना?" धोका दिसला तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतात. त्याला नाही म्हणू नका.

या खुणा लक्षात ठेवा:
- नाकातून काळपट किंवा रक्ताळलेला स्राव
- एका बाजूचा गाल सुजणं, बधिर होणं
- टाळूवर काळा डाग, दात अचानक हलणं
- डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं

यातलं काही दिसलं, त्यात मधुमेह असला, तर त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जा. आठवडी बाजार होऊ दे, लावणी उरकू दे, असं म्हणू नका. पैशांची अडचण असेल तर गटाचं अंतर्गत कर्ज अशाच वेळेसाठी आहे. रुग्णालयात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करा.

आणि पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने साखर तपासून यायचं. नवऱ्याची नाही, स्वतःची!