शाळा कोणाचीही असो, गावसभा एकच पाहिजे

(तरुणांच्या शिबिरात संघटनेतर्फे झालेलं भाषण. पाड्यापाड्यात वाचून दाखवता यावं म्हणून लिहून काढलं आहे.)



आज बोलायचा विषय जरा नाजूक आहे. जंगलखात्याविरुद्ध बोलायचं असलं की आपण सगळे एका आवाजात बोलतो. देवाधर्माचा विषय निघाला की मात्र माणसं खाली बघायला लागतात. शेजारी बसलेला कोणाच्या बाजूचा आहे ते एकदम आठवतं. म्हणूनच हा विषय मुद्दाम घेतला आहे. प्रश्न असा की धर्माच्या संस्था शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहं चालवतात आणि त्यांना पैसा सरकार देतं, तर अशा शाळांमुळे आपली गावं फुटतात का?

आधी या शाळा आल्या कशा ते बघू. मिशनवाले इंग्रजांच्या काळापासून जंगलात आले. ठक्कर बाप्पांनी १९२२ साली गुजरातमध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं आणि आश्रमासारख्या शाळा सुरू केल्या. १९५२ साली तेव्हाच्या मध्य प्रदेशात, जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू झाला. पुढे महाराष्ट्र सरकारने आश्रमशाळांची योजना आणली. आज सरकारच्या स्वतःच्या आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आहेत आणि संस्थांच्या अनुदानित आश्रमशाळा पाचशेच्या वर आहेत. अनुदानित म्हणजे काय? मास्तरांचा पगार सरकारचा. पोरांच्या राहण्या-जेवणाचा पैसा डोक्याप्रमाणे सरकारचा. कारभार मात्र संस्थेचा. या सगळ्याच काही धर्माच्या संस्था नाहीत, कितीतरी शाळा पुढाऱ्यांच्या आहेत. पण काही ख्रिस्ती मिशनच्या आहेत, काही हिंदू संघटनांच्या आहेत. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

आम्ही एक गोष्ट पहिल्यांदा सांगून ठेवतो. जिथे झेडपीच्या शाळेला कुलूप असायचं, मास्तर फक्त १५ ऑगस्टला आणि पगाराला दिसायचा, तिथे सिस्टरने नाहीतर एखाद्या प्रचारकाने आपल्या पोरांना अक्षर शिकवलं. ताप आला तर गोळी दिली. आज अर्ज लिहिणारी, तहसील कचेरीत जाऊन साहेबाला प्रश्न विचारणारी आपली कितीतरी पोरं त्या शाळांतून आली आहेत. ज्याने अक्षर दिलं त्याचे उपकार माणूस विसरत नाही, आपण तर नाहीच विसरत. त्यामुळे कोणी या भाषणातून असं काढू नये की संघटना अमक्या शाळेच्या विरोधात आहे.

पण उपकार वेगळे आणि हिशोब वेगळा. तो पैसा ना मिशनचा, ना हिंदू संघटनेचा. आदिवासी उपयोजनेचा पैसा म्हणजे सरकारने आपल्या नावाने वेगळा काढलेला पैसा. ज्याच्या नावाचा पैसा त्याला विचारायचा हक्क आहे.

आता गाव फुटतं कसं ते बघू. आम्ही कोणत्या पाड्याचं नाव घेत नाही, कारण असे पाडे एकापेक्षा जास्त आहेत. एका घरात तीन पोरं. थोरला मिशनच्या वसतिगृहात, मधली सरकारी आश्रमशाळेत, धाकटा हिंदू संघटनेच्या वसतिगृहात. आईबापांनी धर्म बघून टाकलं नाही. जिथे जागा मिळाली, जिथे जेवण बरं, तिथे टाकलं. दिवाळीच्या सुट्टीत तिघं घरी येतात. वाघबारशीला वाघदेवाचं करायचं असतं. थोरला म्हणतो, हे सैतानाचं आहे, मी येत नाही. धाकटा म्हणतो, कोंबडं कापणं बरोबर नाही, नारळ फोडा. मधलीला शाळेत सरस्वतीची पूजा शिकवली आहे, पण कणसरी कोण ते तिला माहीत नाही. आजी चुलीजवळ बसून तिघांकडे बघते. तिघं तीन शाळांतून आली, पण तिघांनीही एकच धडा आणला आहे. आजीला जे येतं ते मागासलेलं आहे, हा तो धडा.

इथे नीट लक्ष द्या. सरकारी आश्रमशाळेतही भिंतीवर देव आहेत, फक्त ते आपले नाहीत. हिरवा नाही, हिमाय नाही, नारनदेव नाही. तारपा स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर वाजवायला लावतात आणि मग पुन्हा कपाटात ठेवतात. म्हणून धर्माची शाळा वाईट आणि सरकारी शाळा चांगली असं सोपं उत्तर आम्ही देणार नाही. ज्या शाळेत पोराला आपल्या घराची लाज वाटायला शिकवतात ती शाळा घर फोडते, मग ती कोणाचीही असो.

घरात फुटलेलं पुढे गावसभेत दिसतं. प्रार्थनेला जाणारे एका बाजूला बसतात, मंदिरवाले दुसऱ्या बाजूला. एका बाजूच्याने सभा बोलावली की दुसरी बाजू येत नाही. आणि नेमकं इथेच आपल्या पोटावर पाय येतो.

वनहक्क कायद्यात, म्हणजे २००६ च्या कायद्यात, दाव्याची सुरुवात गावसभेतून होते. २०१२ साली नियम बदलले, त्याप्रमाणे गावसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, आणि दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदार पाहिजेत. दोन तट पडलेल्या गावात हा कोरम भरत नाही. कोरम नाही तर ठराव नाही. ठराव नाही तर दावा पुढे जात नाही. मग प्लॉटवर फॉरेस्टवाला येतो तेव्हा तो विचारत नाही की तू कोणत्या देवाला हात जोडतो. तो सगळ्यांचीच नांगरट थांबवतो. सामूहिक वनहक्काचं तर विचारूच नका. जंगल सगळ्या गावाचं असतं, अर्ध्या गावाला सामूहिक हक्क मागता येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. तिथे गाव एक बसलं म्हणून मिळाला.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. काही लोक मागणी करतात की जो आदिवासी ख्रिस्ती झाला त्याचं नाव अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा. खासदार कार्तिक उरांव यांच्या काळापासून ही मागणी चालू आहे. आपल्यातल्या काहींना वाटतं, बरं होईल, नोकरीत जागा वाढतील. जरा थांबून विचार करा. आजच्या कायद्यात आदिवासी असण्यासाठी धर्माची अट नाही. हिंदू, ख्रिस्ती, आपले जुने देव मानणारा, सगळे यादीत आहेत. यादीतून नाव गेलं तर फक्त नोकरी जात नाही. महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, ते संरक्षण जातं. वनहक्क कायद्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, पण बिगर-आदिवासीला ७५ वर्षं, म्हणजे तीन पिढ्या तिथे राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे सख्खे दोन भाऊ, एकाच बापाची जमीन, आणि एकाला एक कायदा तर दुसऱ्याला दुसरा. आज भावाचं शेत मोकळं झालं की उद्या शेटचा बांध तुमच्या शेताला लागतो. म्हणून आम्ही म्हणतो, हा फक्त देवाचा प्रश्न नाही, सातबाऱ्याचा प्रश्न आहे.

लांब जायला नको. आपल्या सुरगाण्याला लागून गुजरातचा डांग जिल्हा आहे. १९९८ च्या नाताळात तिथे अहव्याला मोर्चा निघाला. मिशनच्या शाळेवर दगड पडले. त्यानंतर कितीतरी गावांत प्रार्थनेच्या झोपड्या जाळल्या, मोडल्या. मोर्च्याला बोलावलं बाहेरच्यांनी, पण दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती. डांगातही जंगलजमिनीचा प्रश्न पडून होता. त्या दिवसांत त्यावर कोण बोललं? देशभर चर्चा चालली ती धर्मांतराची. जमिनीची कोणी केली नाही.

आणि हे फक्त आदिवासींचंच आहे असंही नाही. उत्तर आयर्लंड नावाचा गोऱ्या लोकांचा मुलूख आहे. तिथे एकाच येशूला मानणारे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. कॅथलिक पोरं कॅथलिक शाळेत, प्रोटेस्टंट पोरं सरकारी शाळेत, आणि दोन्ही शाळांना पैसा सरकारचा. तीस वर्षं तिथे मारामाऱ्या चालल्या आणि साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. ते भांडण शाळांनी लावलं नव्हतं, ते सत्तेचं, घरांचं, नोकऱ्यांचं आणि राज्य कोणाचं याचं होतं. पण पोरं लहानपणापासून एकमेकांशी खेळलीच नाहीत, म्हणून भांडण मिटवणं जड गेलं. १९८१ साली बेलफास्टमध्ये काही आईबापांनी पुढे होऊन दोन्हीकडच्या पोरांची एकत्र शाळा काढली. पहिल्या वर्षी २८ पोरं होती. सरकार आधी आलं नाही, आधी आईबाप आले. हे आपण लक्षात ठेवायचं.

आता काही साथी म्हणतात, धर्माच्या सगळ्या शाळांचं अनुदान बंद करा. आम्हाला हे पटत नाही. उद्या अनुदान बंद झालं तर त्या शाळेतली पोरं कुठे जातील? वीटभट्टीवर. सरकारने त्यांच्यासाठी दुसरी शाळा बांधून ठेवलेली नाही. आणि घटनेने अल्पसंख्याकांना शाळा चालवायचा हक्क दिला आहे, कलम ३० मध्ये. जी घटना आपल्याला पाचवी अनुसूची देते तीच त्यांना हे देते. एक कलम आपलं आणि दुसरं खोटं असं म्हणता येत नाही.

दुसरे काही म्हणतात, शाळा चांगली आहे ना, मग प्रार्थना करून घेतली तर काय बिघडलं? हेही पटत नाही. घटनेचं कलम २८ सांगतं की जी शाळा पूर्ण सरकारी पैशावर चालते तिथे धर्माचं शिक्षण देता येत नाही. आणि जी शाळा सरकारी मदत घेते तिथे पोराला धर्माच्या शिकवणीला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, आईबापांनी संमती दिली असेल तरच बसवता येतं. आपल्यातल्या किती आईबापांना ही संमती कोणी विचारली? फॉर्मवर अंगठा घेतात, फॉर्म वाचून कोण दाखवतं? कलम २९ सांगतं की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला केवळ धर्मामुळे कोणाला प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे कायदा आहे, पण तो शाळेच्या फाटकाबाहेर उभा आहे. त्याला आत न्यायचं काम आपलं आहे.

तर आमचं म्हणणं असं आहे. शाळा एकटी गाव फोडत नाही. सरकार स्वतःची जबाबदारी टाकून पोरं दुसऱ्याच्या हातात देतं, आणि गाव तिकडे बघत नाही, तेव्हा शाळा गाव फोडायचं हत्यार होते. गावाने लक्ष घातलं तर तीच शाळा गावाची होऊ शकते. म्हणून शिबिरात ठरलेल्या गोष्टी सांगतो.

पहिली, अनुदानित असो की सरकारी, आपल्या पोरांच्या प्रत्येक शाळेत गावसभेची माणसं महिन्यातून एकदा जातील. त्यात दोन बाया पाहिजेतच. जेवण बघतील, आजारी पोरं बघतील, प्रार्थनाही बघतील. पेसा कायद्याने सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर देखरेखीचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला आहे. भीक मागायला जायचं नाही, हक्काने जायचं.

दुसरी, प्रवेशाच्या वेळी फॉर्म वाचून घ्यायचा. धर्माच्या प्रार्थनेला बसवायचं की नाही हे आईबापांनी सांगायचं. हो म्हणायचं त्यांनी हो म्हणावं, नाही म्हणायचं त्यांनी नाही. कोणी कोणाला हिणवायचं नाही.

तिसरी, सुट्टीत सगळ्या शाळांची पोरं पाड्यावर एकत्र बसतील. म्हातारी माणसं, भगत, धवलेरी त्यांना जंगलातली झाडं, पाड्याच्या हद्दी, जुन्या लढ्यांच्या गोष्टी सांगतील. कोणाला देव मानायला लावायचं नाही. पण आपली हद्द कुठल्या नाल्यापासून कुठल्या दगडापर्यंत आहे हे ख्रिस्ती पोराला आणि मंदिरात जाणाऱ्या पोराला सारखंच पाठ पाहिजे.

चौथी, सरकारकडे मागणी की पहिलीपासून पोरांच्या बोलीत शिकवा. घटनेच्या कलम ३५० क मध्ये मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगितलं आहे. आणि झेडपीच्या शाळेत मास्तर द्या. ती शाळा नीट चालली तर सहा वर्षांचं पोर घर सोडून जाणारच नाही.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची, गावसभा ना चर्चजवळ, ना मंदिराजवळ. जिथे आपले बापजादे बसायचे तिथे, झाडाखाली. तिथे आलेला माणूस फक्त गावकरी. कोणाच्या गळ्यात काय आहे ते बघायचं नाही. प्लॉटवर त्याचा नांगर आहे की नाही एवढंच बघायचं.

पुढच्या महिन्यात दाव्यांची गावसभा आहे. प्रत्येक पाड्याने यादी करा. कोण येत नाही ते बघा आणि त्याच्या घरी जा. तो आपल्या देवाचा नसेल तर आधी त्याच्याच घरी जा.

जिंदाबाद!