दुसऱ्याच्या ताटातले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. रोजच्या जेवणाविषयी चार शब्द बोला, असे सांगण्यात आले तेव्हा म्हटले, हे जमेल. आपला निम्मा दिवस चुलीपुढेच जातो.

आपण भांगलणीला जातो तेव्हा दुपारी बांधावर पंगत बसते. एकीच्या फडक्यात जोंधळ्याची भाकरी आणि खर्डा, दुसरीकडे वांग्याची भाजी, तिसरीकडे दही-कांदा. कोणी कोणाला विचारीत नाही. हात आपोआप शेजारणीच्या फडक्याकडे जातो. तिथे आपले मन मोठे असते. पण ओळखीच्या जेवणापुरतेच ते मोठे असते, हे मला उशिरा कळले.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचे गळीत सुरू झाले की बीडकडच्या टोळ्या तोडणीला येतात. तशी एक टोळी आमच्या उसात आली होती. मी त्यांना ताक घेऊन गेले. त्यातल्या माझ्याच वयाच्या एका बाईने ताक घेतले आणि जर्मनची वाटी माझ्यापुढे केली. पातळ रश्शात पिठाच्या वळकट्या करून सोडलेल्या. म्हणाली, "ताई, शेंगोळे हायेत, हुलग्याचे. खाऊन बघा."

मी हात मागे घेतला आणि हसून म्हटले, "आमच्यात हुलगा बैलाला घालत्यात."

ती काही बोलली नाही. तिने वाटी पदराआड घेतली आणि पाठ फिरवून जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी फड संपला, टोळी दुसऱ्या शिवारात गेली.

रात्री ही गोष्ट मी घरात थट्टेने सांगितली. आमच्या आत्ती भाकरी मोडता मोडता थांबल्या. म्हणाल्या, "अगं, बाळंतपणात तुला माडगं कशाचं करून घातलं हुतं? हुलग्याचंच न्हवं?" मी गप्प झाले. सुंठ-गूळ घातलेले ते माडगे मी दोन-दोन वाट्या प्याले होते. मग त्यांनी 1972 च्या दुष्काळातले सांगितले. रेशनवर अमेरिकेतला तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची, पोरे रडायची. "तिकडं म्हणं ते जनावरं खात्यात. आमी खाल्लं. तवा आमाला कुनी हसलं असतं तर?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या गळिताला मी त्या बाईची चौकशी केली. ती टोळी आपल्या भागात पुन्हा आली नाही. तिचे नावही मी विचारले नव्हते.

भगिनींनो, आपण एकादशीला जे ताट वाढतो ते तरी आपले आहे काय? साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आदी दर्यावर्दी लोकांनी चारपाचशे वर्षांपूर्वी ती इकडे आणायला सुरुवात केली. माझ्या मुलीने पुस्तकात वाचून हे सांगितले तेव्हा मला खरे वाटेना. मिरची आणि शेंगदाणा गेला म्हणजे आपल्या खर्ड्यात उरले काय? मीठ आणि लसूण! आणि जी नाचणी त्याही कितीतरी आधीपासून इथे पिकते, ती मात्र गरिबाची म्हणून आपण ताटातून काढली. 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा तिची बिस्किटे आपण कोल्हापुरातून विकत आणली.

सगळ्यांनी सगळे खावे, असे माझे म्हणणे नाही. मला स्वतःला सुकटीचा वास सोसत नाही. आमची धाकटी जाऊ कोकणातली. तिने सुकट भाजायला घेतली की मी परड्यात जाऊन बसते. पण पूर्वी मी तोंडाला पदर लावून, तिला दिसेल अशी उठत असे. आता "दुधाचं बघून येते" म्हणून उठते. तिलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे.

शेंगोळे मी पुढे दुसऱ्या टोळीतल्या एका म्हातारीकडून शिकले. पहिल्या वेळी माझे सगळे रश्शात विरघळून पिठले झाले. म्हातारी म्हणाली, पीठ घट्ट मळ आणि रस्सा खळखळल्याशिवाय सोडू नको. तेव्हापासून जमतात. थंडीत लसणाची फोडणी देऊन केले तर घरात भाकरी कमी पडते.

आता मंडळापुढे एक सूचना ठेवते. यंदा टोळ्या आल्या की खोपीतल्या बायकांना एकदा आपल्याकडे जेवायला बोलवावे. हळदीकुंकू नको, नुसते जेवण ठेवू, म्हणजे त्यांच्यातल्या आणि आपल्यातल्या सगळ्याच येतील. त्या पहाटे अंधारात फडात जातात, तेव्हा वेळ रात्रीचीच धरावी लागेल. एक पदार्थ त्यांच्या हातचा असावा आणि तो आपण आधी वाढून घ्यावा. हुलगा आमच्या घरचा आहे. दोन पायली मी देते. दळून कोण आणणार, तेवढे आज ठरवा.