कापलेला अर्धा तास

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ठेंगणे, टक्कल पडलेले, चष्मा लावलेले एक गृहस्थ हातात पिवळी पेन्सिल धरून सांगत आहेत की, ही साधी वस्तू एकट्याने बनवू शकेल असा माणूस जगाच्या पाठीवर नाही. लाकूड वॉशिंग्टन राज्यातील झाडाचे. ते झाड कापणारी करवत पोलादाची आणि पोलादासाठी खनिज लोह हवे. आत जे शिसे म्हणतात ते वस्तुतः ग्राफाइट, बहुधा दक्षिण अमेरिकेतील खाणीतले. टोकाचे रबर मलायातले. परस्परांची भाषा न जाणणारी, धर्म वेगळा असलेली, कदाचित समोरासमोर आली तर एकमेकांचा द्वेष करतील अशी हजारो माणसे या पेन्सिलीसाठी राबली. त्यांना कोणा अधिकाऱ्याने फर्मान सोडले नव्हते. किमतींच्या संकेतावर हे सारे जुळून आले. चित्रफितीचा हा तुकडा दोन-अडीच मिनिटांचा आहे. गृहस्थांचे नाव मिल्टन फ्रीडमन; १९७६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते. फ्रीडमन २००६ च्या नोव्हेंबरात वारले, यू-ट्यूब त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाले होते. मृत्यूनंतर त्यांना जो श्रोतृवर्ग लाभला, तो हयातीत क्वचितच एखाद्या अर्थशास्त्रज्ञाला लाभतो.

पेन्सिलीचा दृष्टान्त मूळचा त्यांचा नव्हे. लिओनार्ड रीड या अमेरिकी लेखकाने १९५८ साली तो एका छोट्या निबंधात मांडला होता. फ्रीडमन यांनी तो दूरचित्रवाणीवर आणला आणि पुढे अनाम हातांनी त्याची कात्रणे करून जगभर पाठवली. या व्याख्यानाचा विषय ते अनाम हात हाच आहे.

अमेरिकेत ज्यांना ‘लिबर्टेरियन’ म्हणतात त्यांची भूमिका थोडक्यात अशी : शासनाने लोकांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करावे, करार पाळले जातील हे पाहावे आणि बाकी व्यवहारांत हात घालू नये. कर कमी असावेत, चलन स्थिर असावे, परदेशांत युद्धे करीत फिरू नये, माणसाने काय खावे-प्यावे हे सरकारने सांगू नये. ही मंडळी डाव्यांत बसत नाहीत आणि उजव्यांतही पुरती मावत नाहीत. साहजिकच दोन मोठ्या पक्षांभोवती फिरणाऱ्या तेथील वृत्तवाहिन्यांवर त्यांच्या वाट्याला जागा फार थोडी आली. ज्याला स्वतःची वाहिनी नाही तो दुसऱ्याच्या वाहिनीवरील आपल्या बाजूचे चार क्षण जपून ठेवतो आणि मित्रांना दाखवतो. चित्रफितींचे तुकडे फिरवण्याची या पंथाची हौस या उपेक्षेतून आली आहे. अल्पसंख्य विचाराची ती एक गरज होती, हे मान्य केले पाहिजे.

आता पेन्सिलीकडे परत येऊ. हा तुकडा ज्या मालिकेतून घेतला तिचे नाव ‘फ्री टू चूज’. १९७७ साली बीबीसीने जॉन केनेथ गालब्रेथ यांची ‘द एज ऑफ अनसर्टन्टी’ ही तेरा भागांची मालिका दाखवली होती. हे गालब्रेथ १९६१ ते १९६३ या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत होते. शासकीय नियोजनाविषयी त्यांना आस्था होती. त्यांना उत्तर देणारी मालिका हवी, असे पेनसिल्व्हेनियातील ईरी या लहान शहराच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राचे प्रमुख रॉबर्ट चिटेस्टर यांच्या मनात आले. देणग्या गोळा झाल्या आणि १९८० च्या जानेवारीपासून दहा भाग प्रसारित झाले. त्यांच्या रचनेत एक विशेष होता. प्रत्येक भाग एका तासाचा. पहिला अर्धा तास फ्रीडमन यांचे निवेदन. दुसऱ्या अर्ध्या तासात शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्यासमोर प्रतिपक्ष बसे आणि आत्ताच दाखवलेल्या चित्रफितीवर तुटून पडे. रॉबर्ट मॅकेन्झी हे सूत्रधार. समतेवरील भागात समाजशास्त्रज्ञ फ्रान्सिस फॉक्स पिव्हन आणि अर्थतज्ज्ञ थॉमस सॉवेल यांची अशी खडाजंगी झाली की, सूत्रधाराची तारांबळ उडावी. म्हणजे निम्मी मालिका ही आक्षेपांना दिलेली होती. स्वतःसाठी उभारलेल्या व्यासपीठाचा अर्धा भाग विरोधकांना देण्याइतका त्या माणसाला आपल्या प्रतिपादनाचा भरवसा होता.

कात्री प्रथम चालली ती याच अर्ध्या तासावर. पिव्हन-सॉवेल वादाचा तुकडा फिरतो, पण तोही बहुधा सॉवेल यांच्या शेवटच्या वाक्यापर्यंतच.

भारतीय प्रेक्षकाला हा कापलेला अर्धा तास विशेष महत्त्वाचा वाटावा असे एक कारण आहे. मालिकेच्या दुसऱ्या भागात भारत आहे. हातमागावर बसलेले विणकर दाखवले आहेत आणि मेइजी काळातील जपानची १९४७ नंतरच्या भारताशी तुलना केली आहे. जपानने दारे उघडली आणि तो वर आला. भारताने नियोजन पत्करले, हातमागाला संरक्षण दिले आणि तो मागे राहिला, असा निष्कर्ष. मालिकेबरोबर आलेल्या पुस्तकात तर असाही हिशोब मांडला आहे की, इंग्रजांनी भारतासाठी आगगाड्या, कारखाने आणि तयार नोकरवर्ग मागे ठेवला होता, म्हणजे भारताची सुरुवात जपानहून बरी होती. परवाना-राज्याने देशाचे किती नुकसान केले ते येथील मध्यमवर्गीय घरांना सांगायला नको. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावलेली माणसे अजून हयात आहेत. तथापि मेइजी काळातील जपान परक्या सत्तेखाली नव्हता, आणि ज्या देशाचा कापडधंदा पारतंत्र्यात मोडला त्या देशाने हातमागाविषयी हळवे असणे हा केवळ अर्थशास्त्रीय अडाणीपणा नव्हता, हे कोणी तरी फ्रीडमन यांच्यासमोर म्हणायला हवे. नुसता निवेदनाचा तुकडा पाहणाऱ्याला असा आक्षेप शक्य आहे हेही सुचत नाही.

आणि फ्रीडमन भारताविषयी ऐकीव माहितीवर बोलत नव्हते. १९५५ साली ते भारत सरकारचे सल्लागार म्हणून येथे आले होते. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची तयारी चालू होती. ५ नोव्हेंबर १९५५ या तारखेचे एक टिपण फ्रीडमन यांनी सरकारला दिले. गुंतवणुकीवरील बारीकसारीक नियंत्रणे सैल करा, चलनपुरवठ्यात शिस्त ठेवा, रुपयाचा विनिमय दर मोकळा सोडा, असा त्याचा आशय. त्याच वर्षी प्रा. बी. आर. शेणॉय यांनी अर्थतज्ज्ञांच्या मंडळात आपली भिन्नमतपत्रिका जोडली होती. दोन्ही कागद बाजूला पडले. फ्रीडमन यांचे टिपण छापील ग्रंथात आले तेव्हा १९९१ चे आर्थिक बदल होऊन गेले होते. लोकांपर्यंत पोहोचण्याचे साधन नसले की विचार किती काळ फडताळात पडून राहतो, याचे हे ठळक उदाहरण. चित्रफीत फिरवणाऱ्यांना हसण्यापूर्वी ते आठवावे.

साधन हाती आल्यावर काय होते, ते रॉन पॉल यांच्या बाबतीत दिसले. टेक्सासमधील हे प्रसूतितज्ज्ञ १९८८ मध्ये लिबर्टेरियन पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि त्यांना सुमारे अर्धा टक्का मते पडली. २००७ मध्ये ते रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी पुन्हा उतरले. १५ मे २००७ रोजी साउथ कॅरोलायनातील वादसभेत त्यांनी सांगितले की, अमेरिकेवरील ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामागे मध्यपूर्वेतील तिच्या लष्करी हस्तक्षेपाची प्रतिक्रिया आहे. न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यांनी तेथल्या तेथे शब्द मागे घेण्याची मागणी केली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पॉल यांनी शब्द मागे घेतले नाहीत. सभागृहात ते हरले. परंतु तो तुकडा घरोघर पाहिला गेला आणि तेथे निकाल वेगळा लागला. ५ नोव्हेंबर २००७ या एका दिवसात त्यांच्या प्रचाराला चाळीस लाख डॉलरहून अधिक आणि १६ डिसेंबरला सुमारे साठ लाख डॉलर जमले. हे दिवस प्रचारकचेरीने नव्हे, समर्थकांनी आपापसांत ठरवले होते. पुढच्या जानेवारीत फॉक्स वाहिनीने न्यू हॅम्पशायरमधील चर्चेतून त्यांना वगळले, तेव्हा त्या राज्यातील रिपब्लिकन पक्षाने आपले प्रायोजकत्व काढून घेतले.

तरीही एकाही राज्यातील प्राथमिक निवडणूक पॉल यांना जिंकता आली नाही. शिवाय त्याच जानेवारीत दुसरी एक गोष्ट बाहेर आली : पूर्वी त्यांच्या नावाने निघणाऱ्या वार्तापत्रांत कृष्णवर्णीयांविषयी अत्यंत अभद्र मजकूर छापला गेला होता. तो आपण लिहिला नाही, असे पॉल म्हणाले. जुलियानींशी झालेली चकमक आवडीने पाठवणाऱ्यांनी ही बातमीही तितक्याच आवडीने पाठवली असे कोणी म्हणणार नाही.

मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत बोलके प्रकरण पीटर शिफ यांचे आहे, कारण त्यात लोकांची बचत गुंतली होती. शिफ हे शेअर दलाल, विचाराने स्वातंत्र्यवादी. २८ ऑगस्ट २००६ रोजी सीएनबीसी वाहिनीवर त्यांनी सांगितले की, अमेरिकेतील घरबांधणीचा फुगा फुटणार आणि मोठी मंदी येणार. समोर आर्थर लॅफर हे नामांकित अर्थतज्ज्ञ होते. अर्थव्यवस्था ठणठणीत आहे, असे सांगून लॅफर यांनी एका पेनीची पैज लावली. नंतरच्या वर्षात इतर कार्यक्रमांतही शिफ हेच बोलत राहिले आणि त्यांच्या तोंडावर लोक हसत राहिले. मग १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स कोसळली. कोणी तरी ते जुने तुकडे एकत्र जोडले, ‘पीटर शिफ वॉज राइट’ असे नाव दिले आणि ती सुमारे दहा मिनिटांची चित्रफीत वणव्यासारखी पसरली. ती आजही पाहावी. हसणारे चेहरे आणि पुढे काय घडले याचे प्रेक्षकाला असलेले ज्ञान, यांतून अशी काही नाट्यमयता निर्माण होते की, पाहणाऱ्याचा हात आपोआप गुंतवणुकीच्या पाकिटाकडे जावा.

परंतु शिफ यांनी केवळ रोगाचे निदान केले नव्हते, औषधही सांगितले होते. डॉलर कोसळेल, इतर देशांच्या अर्थव्यवस्था अमेरिकेपासून सुटून पुढे जातील, म्हणून पैसा परदेशी समभागांत ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. २००८ च्या उत्तरार्धात डॉलर उलट वधारला. अमेरिकेचा प्रमुख निर्देशांक त्या वर्षी सुमारे ३८ टक्के उतरला, तर परदेशी बाजार त्याहून अधिक कोसळले. मुंबईचा सेन्सेक्स २०,२८६ वरून ९,६४७ वर आला. ज्यांचे निदान अचूक ठरले त्यांच्याच ग्राहकांनी जबर तोटा सोसला. पुढे शिफ यांनी प्रचंड महागाईचे भाकीत केले; २००९ मध्ये अमेरिकेतील किमती सरासरीने किंचित उतरल्या आणि नंतरची दहा वर्षे महागाई मर्यादेतच राहिली. २०२२ च्या जूनमध्ये ती ९.१ टक्क्यांवर गेली खरी. पण एवढ्या मुदतीत पावसाचे भाकीतही खरे ठरते. सोन्याबाबत ते काही काळ बरोबर होते : २०११ च्या सप्टेंबरात भाव औंसाला १९०० डॉलरच्या आसपास गेला. २०१५ च्या अखेरीस तो ११०० च्या खाली होता. नंतर पुन्हा चढला. कात्री कोणत्या तारखेला लावली यावर द्रष्टा की दिशाभूल करणारा हे ठरावे, अशी ही स्थिती. दहा मिनिटांची चित्रफीत करणाऱ्याने एकही वाक्य खोटे घातले नव्हते. प्रत्येक वाक्य शिफ यांचेच होते.

याउलट जॉन स्टॉसेल यांचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. एबीसी वाहिनीवर राहून शासकीय निर्बंधांवर प्रहार करणारे हे पत्रकार स्वातंत्र्यवाद्यांचे लाडके. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांनी सेंद्रिय भाजीपाल्यावर एक वृत्तांत सादर केला आणि वाहिनीने करविलेल्या तपासणीत साध्या भाजीवर कीटकनाशकांचा अंश आढळला नाही, असे सांगितले. तशी तपासणी भाजीपाल्याबाबत झालीच नव्हती. वाहिनीने त्यांना समज दिली आणि ऑगस्टमध्ये स्टॉसेल यांनी पडद्यावर क्षमा मागितली. वाहिनी होती म्हणून चूक सांगण्यास तोच पडदा, तीच वेळ, तेच प्रेक्षक उपलब्ध होते. हातोहात फिरणाऱ्या तुकड्याला असा ऑगस्ट कधी येत नाही. काका-मामांच्या समूहात सकाळी आलेली चित्रफीत खोटी आहे असे संध्याकाळी कळले, तरी तोवर ती आणखी दहा घरांत गेलेली असते आणि तेथे क्षमा कोण मागणार?

यावर कोणी म्हणेल की, हा दोष सर्वच विचारपंथांच्या तुकड्यांत आहे. आहेच. पण स्वातंत्र्यवाद्यांना तो अधिक लागतो, कारण माहिती मोकळेपणाने वाहू द्या, माणूस आपला निर्णय आपण घेईल, हा त्यांचा मूळ आग्रह. ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्या हाती अर्धाच माल देऊन तो स्वतंत्र झाला असे म्हणता येत नाही. फ्रीडमन यांना हे ठाऊक होते, म्हणून तर त्यांनी शिकागोत खुर्च्या मांडल्या होत्या. तुकडा पाठवणाऱ्याला फार काही करावे लागत नाही : कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि समोरच्या माणसाने काय उत्तर दिले, एवढे खाली लिहिले तरी पाहणाऱ्याला मूळ जागी जाता येते. शिफ यांच्या चित्रफितीखाली ‘याच वेळी परदेशी समभाग घेण्याचा सल्लाही दिला होता’ एवढे एक वाक्य असते, तर २००९ मध्ये काही घरांतील चर्चा वेगळी झाली असती.

‘फ्री टू चूज’चे दहाही भाग आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. पेन्सिल पहिल्या भागात आहे. त्याच भागाच्या उत्तरार्धात समाजवादी लेखक मायकेल हॅरिंग्टन फ्रीडमन यांच्यासमोर वाद घालायला बसलेले दिसतात.